दुखणं पुन्हा उलटलं तर काय करायचं: सीआयडीपीवाल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सीआयडीपी म्हणजे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती हातापायाच्या नसांवरचं मायलिनचं वेष्टण खराब करत राहते तो आजार. मला तो होऊन बरीच वर्षं झाली, मी शाळेत शिकवते, सोलापुरातच राहते, आणि ज्यांना नुकतंच हे निदान झालंय किंवा बरं वाटायला लागल्यावर दुखणं पुन्हा उलटलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे न्यूरो डॉक्टर सांगतील, त्यात मी पडत नाही. पण दोन व्हिजिटच्या मधले दिवस घरी कसे काढायचे, आज पाय जड वाटतोय तो दमल्यामुळं का आजारामुळं, कुणाला कधी फोन करायचा, हे कुणी बसून सांगत नाही, म्हणून एवढं लांबलचक.

आधी एक गोंधळ दूर करू. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम) पेशंट एकदम वाढले आणि त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला, तेव्हापासून आपल्याकडं हातापायाला मुंग्या म्हटलं की लोक जीबीएसच म्हणतात. दोन्ही आजार नसांचेच, दोन्हीत प्रतिकारशक्तीच उलटते, पण चाल वेगळी. जीबीएस झपाट्यानं येतो, जेवढं बिघडायचं ते साधारण चार आठवड्यांच्या आत बिघडतं, मग थांबतं आणि हळूहळू सुधारतं, पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात दोन ते पाच. सीआयडीपी आठ आठवड्यांच्या पुढंही वाढत राहतो नाहीतर सुधारून पुन्हा पुन्हा उलटतो. काही जणांना सुरुवातीला जीबीएस सांगितलेलं असतं आणि दोन महिन्यांनंतरही बिघाड चालूच राहिला किंवा तीन-तीनदा उलटला तर डॉक्टर सीआयडीपीचा विचार करतात. हा फरक महत्त्वाचा आहे कारण सीआयडीपीत स्टेरॉइड चालतं, जीबीएसमध्ये त्याचा उपयोग नाही. म्हणून फाइलवर नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्या, "नसांचा आजार आहे" एवढ्यावर घरी येऊ नका.

चांगल्या दिवसात मापं घेऊन ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. तब्येत बरी असते तेव्हा कुणालाच आजाराचं नाव नको असतं, आणि बिघडल्यावर डॉक्टर विचारतात "आधीपेक्षा किती कमी झालंय?", तेव्हा आपण म्हणतो "लई कमी झालंय ओ". त्यावरून डॉक्टर काय ठरवणार?

आठवड्यातला एक वार धरा, वेळही एकच, शक्यतो सकाळी आंघोळीच्या आधी. वहीत तारीख टाका आणि ठरलेल्या चार-पाच गोष्टी करून बघा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागले, मोबाईलवर मोजा. भिंतीजवळ उभं राहून आधी टाचांवर मग चवड्यांवर दहा पावलं चालता येतंय का (सोबत कुणीतरी पाहिजेच, पडायचं नाही). टेबलावरचं रुपयाचं नाणं कडेला न ओढता चिमटीनं उचलता येतंय का. शर्टाची वरची दोन बटणं न बघता लागतात का. आणि आपल्या सोलापूरकरांसाठी फुकटचं माप म्हणजे कडक भाकरी, ती दोन हातांनी मोडताना किती जोर लागतोय हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, अंगठ्याचा जोर गेला की पहिलं तिथंच कळतं.

याशिवाय तुमच्या कामातलं एक माप ठेवा, कारण हात ज्या कामाला सरावलेला असतो तिथं बारीक फरकसुद्धा दिसतो. मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात करते, खांद्याचा जोर कमी व्हायला लागला की पहिली ओळ आपोआप खाली येते, सुविचाराच्या जागेवर धडा सुरू होतो, आणि हे पोरांच्या आधी मला दिसतं. आमच्या गल्लीतल्या एक मावशी विड्या वळतात, त्यांना असाच नसांचा त्रास आहे, त्या म्हणतात पान कापता येतं, तंबाखूही भरता येते, पण वळून झाल्यावर दोरा बांधताना बोटातून निसटायला लागला की समजायचं. कुणाचं माप गाडीचा क्लच असेल, कुणाचं पोळपाट-लाटणं.

चप्पल विसरू नका. चालताना चप्पल पायातून निसटली आणि पुढं दोन पावलं गेल्यावर कळलं, असं एकदा झालं तर सोडून द्या, पण आठवड्यात दोन-तीनदा झालं तर वहीत लिहा. पाऊल वर उचलणारा स्नायू ढिला पडतोय त्याची ही खूण असू शकते.

महिन्यातून एकदा व्हिडिओ काढा, घरातल्या त्याच पॅसेजमधून चालताना, जाताना आणि येताना, पाय दिसतील असा. सहा महिन्यांपूर्वीचा आणि आजचा व्हिडिओ शेजारी लावला की डॉक्टरांना दोन मिनिटांत जे कळतं ते आपल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यानं कळत नाही. आय-रॉड्स नावाची 24 रोजच्या कामांची एक प्रश्नावलीही या आजारांसाठी असते, डॉक्टरांकडं असली तर मागून घ्या.

उलटलंय का नुसतं दमलोय?

दमणं दिवसात खालीवर होतं, सकाळी बरं, दुपारनंतर पाय गोळा, झोप झाली की पुन्हा बरं. खरं उलटणं दिवसागणिक वाढतं आणि विश्रांतीनं फिरत नाही. डॉक्टरांशी बोलून मी एक नियम ठरवलाय, वहीतल्या दोन किंवा जास्त मापांत घट झाली आणि ती सलग तीन-चार दिवस टिकली तर फोन करायचा. नुसत्या मुंग्या वाढल्या, पण जोर तेवढाच आहे, तर वहीत लिहून आठवडाभर लक्ष ठेवायचं. तुमचा नियम तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, पण ठरवा, कारण नियम नसला की रात्री दोन वाजता स्वतःचीच मूठ आवळून बघत बसणं सुरू होतं.

फोन करायच्या आधी बाकीची कारणंही बघा. ताप, लघवीचं इन्फेक्शन, जुलाब यात जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात आणि ताप उतरला की बसतात. शुगर वाढली असेल तर तीही नसांना त्रास देते. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 कमी होऊ शकतं आणि त्याच्याही मुंग्या येतात, साधी रक्ताची टेस्ट आहे, करून घ्या. आणि स्टेरॉइड खूप दिवस चालू असेल तर मांड्या आणि खांदे त्यानंच अशक्त होऊ शकतात, त्यात मुंग्या-बधिरपणा वाढत नाही, नुसता जोर जातो. हे सगळं आपण घरी ठरवायचं नाही, फक्त डॉक्टरांना सांगायला विसरायचं नाही.

आयव्हीआयजी (शिरेतून सलाईनसारखं देतात ते इम्युनोग्लोब्युलिन) घेणाऱ्यांनी वहीत अजून एक कॉलम करा, डोस होऊन कितवा दिवस. बऱ्याच जणांना पुढच्या डोसच्या आधीचे काही दिवस जड जातात, डोस झाला की पुन्हा बरं. हे प्रत्येक वेळी त्याच सुमाराला होत असेल तर दुखणं उलटलं म्हणून घाबरायचं कारण नाही, डोसचा परिणाम संपत आलेला असतो आणि डॉक्टर डोस किंवा अंतर बदलू शकतात. तीन-चार डोसच्या नोंदी समोर ठेवल्या की हे लगेच दिसतं.

थांबायचंच नाही अशी लक्षणं

श्वास. एक मोठा श्वास घेऊन एका दमात 1, 2, 3 असं मोठ्यानं मोजत जा, बरं असताना कितीपर्यंत जाता ते लिहून ठेवा. एरवी 35-40 पर्यंत जाणारा माणूस 20 ला अडकायला लागला तर सकाळ व्हायची वाट बघू नका. आडवं झोपल्यावर दम लागणं, पाणी पिताना ठसका, आवाज नाकातून येणं, उशीवरून मान न उचलणं, हेही त्याच यादीत. सीआयडीपीत श्वासाला धक्का क्वचित लागतो पण लागला तर वेळ नसतो.

अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचे हातपाय जाणं, बोबडी वळणं हे सीआयडीपीचं उलटणं नव्हे, तो लकवा समजून लगेच 108 ला फोन करा. लघवी-संडासावरचा ताबा अचानक गेला तरी तसंच.

एक कागद

बरं असताना डॉक्टरांकडून एक पानाचा कागद इंग्रजीत करून घ्या, कॅज्युअल्टीत रात्री जो ज्युनिअर डॉक्टर असेल त्याच्यासाठी. आजाराचं पूर्ण नाव, निदान कधी, एनसीव्हीत (नसांचा वेग मोजायची तपासणी) काय आलं, कुठल्या औषधानं फरक पडला आणि कुठल्यानं नाही, आत्ता काय चालू आहे, कसली ॲलर्जी, आणि उलटलं तर पहिलं काय करायचं. याच्या झेरॉक्स काढा, एक पर्समध्ये, एक फ्रिजवर, फोटो घरातल्या दोन जणांच्या मोबाईलमध्ये. कागदाच्या मागं मराठीत घरच्यांसाठी लिहा, कुणी गाडी काढायची, पोरांना कुठं सोडायचं, फाइल कुठल्या कपाटात आहे. आमच्याकडं हा कागद फ्रिजवर लागल्यापासून माझ्या सासूबाईंची निम्मी काळजी कमी झाली, त्या आता "कसं होईल गं" असं विचारत नाहीत, "कागदावरचा नंबर लागतोय ना" एवढंच विचारतात.

उपचाराच्या आठवड्यात

आयव्हीआयजीचा सुरुवातीचा डोस साधारण किलोमागं 2 ग्रॅम असतो, दोन ते पाच दिवसांत विभागून. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. खर्च एवढा का येतो ते यावरून कळेल, आणि बिल बघताना बाटल्याही मोजता येतील. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच), सलाईनचा स्पीड कुणालाही "लवकर संपवा ओ" म्हणून वाढवायला लावू नका, आणि डोकं दुखलं तर कुठल्या कंपनीची बाटली, कुठल्या स्पीडला, हे वहीत लिहा, पुढच्या वेळी तेच कामी येतं. डोकेदुखी कधीकधी दुसऱ्या दिवशी सुरू होते, त्यामुळं पुण्याला जाऊन डोस घेणाऱ्यांनी त्याच संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची घाई करू नये, एक रात्र राहा. पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला तर लगेच दाखवा, रक्ताच्या गुठळीचा धोका असतो.

स्टेरॉइड मनानं बंद करायचं नाही. चेहरा सुजला, वजन वाढलं, शेजारीण काही बोलली म्हणून एकदम सोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं थंडावलेलं असतं, बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस आडवा होतो. कमी करायचं ते डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणंच.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल असेल तर तिथं आरोग्यमित्र बसतो, ॲडमिट व्हायच्या आधी त्याच्याकडं रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचा कागद घेऊन जा, तुमच्या आजाराला आणि त्या औषधाला पॅकेज बसतंय का हे स्पष्ट विचारा. सिव्हिलमध्येही विचारा. प्रेडनिसोलोन, प्रीगॅबालिन असल्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. चालण्या-उचलण्यात कायमची अडचण राहिली असेल तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नसांचे जुनाट आजारही येतात, आणि तब्येत खालीवर होत असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्रही मिळू शकतं.

"पूर्ण बरं कधी होणार?"

हा प्रश्न सगळे विचारतात आणि डॉक्टर टाळतात असं वाटतं. टाळत नाहीत, त्यांनाही आकडा देता येत नाही. नुसतं मायलिन खराब झालेलं असेल तर ते पुन्हा चढतं, काही आठवडे ते काही महिने लागतात. पण आतला धागा, ॲक्सॉन, तुटला असेल तर तो वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंत 40-45 सेंटीमीटर धरा, म्हणजे चारशे-साडेचारशे दिवस, तेही सगळं सुरळीत झालं तर. त्यामुळं हाताला फरक आधी पडतो आणि पाऊल मागं राहतं, आणि महिनाभरात पाऊल हललं नाही म्हणून औषध वाया गेलं असं होत नाही. काहींचं थोडं राहून जातं, टाच बधिर, बोटांची पकड अर्धी. ते राहिलंय म्हणजे आजार अजून चालू आहेच असं नाही, जुना मारही असू शकतो. "हे चालू आजाराचं आहे का जुन्या नुकसानीचं?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, कारण पहिल्याला औषध लागतं आणि दुसऱ्याला फिजिओ, स्प्लिंट आणि वेळ.

फिजिओचं माप दुसऱ्या दिवशीची सकाळ. आदल्या दिवसापेक्षा गळाल्यासारखं वाटलं तर व्यायाम जास्त झालाय, कमी करा, पण बंद करू नका.

आपल्या गावातलं रोजचं

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे काय तुम्हाला सांगायचं. पाणी सुटलं की घरातलं सगळं भरून घ्यायचं, बादल्या, घागरी, बॅरल, आणि ते काम बहुतेक घरात बाईच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी हात उचलत नाहीत आणि मग मन म्हणतं उलटलं. पाण्याच्या दिवसासाठी नळाला पाईप लावून थेट बॅरलपर्यंत न्या, वरच्या मजल्यावर छोटी मोटर, भरलेली घागर उचलायचं काम दुसऱ्या कुणाला कायमचं नेमून द्या, आणि त्या दिवशी आठवड्याचं माप घेऊ नका, चुकीचं येतं. साठवलेलं पाणी उकळून प्या. कॅम्पिलोबॅक्टरसारखा पोटाचा जंतू जीबीएसच्या मागं असतो हे पुण्यात दिसलंच, आणि बऱ्याच सीआयडीपीवाल्यांना इम्युनिटी कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतात त्यामुळं साधे जुलाबही महागात पडतात.

मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढं जातो तेव्हा बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत उरकून घ्या. पाय बधिर असतील तर सिद्धेश्वराच्या दर्शनाला दुपारी अनवाणी जाऊ नका, फरशी तापलेली असते आणि आपल्याला कळत नाही, रात्री फोड दिसतो. सुती मोजे घालून जा, कुणी काही म्हणत नाही. रोज रात्री तळवे आरशात बघा. गरम पाण्याची पिशवी बधिर पायाला लावायची असेल तर आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं तपासा.

माणसांचंही सांगते. "बाहेरून तर बरी दिसतेस की" हे ऐकावं लागतंय. प्रत्येकाला समजावत बसलं तर तेवढ्यातच दमायला होतं. मी शाळेत आणि नात्यात एकच ठरलेलं वाक्य ठेवलंय, "आजार आहे, मधेमधे उलटतो, औषध चालू आहे, या महिन्यात बरं आहे." आणि पुढं जाते. भस्म, काढा, कुणा बाबाचं तेल घेऊन येणाऱ्यांचा मान ठेवा पण भस्म पोटात घेऊ नका, काही भस्मांत शिसं, आर्सेनिक, पारा सापडलाय आणि हे धातू स्वतःच नसा खराब करतात.

मात्र घरातल्या दोन-तीन माणसांना खरं सांगा. "आज मला भीती वाटतीय" हे नवऱ्याला, बहिणीला, आईला सांगण्यात काही कमीपणा नाही, मी सांगते आणि सांगितल्यावर झोप लागते. पोरांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं सांगा, काहीच न सांगितलं तर ती मनातल्या मनात जास्त वाईट धरून बसतात. स्टेरॉइडनं चिडचिड होते, झोप उडते, रडू येतं, तो औषधाचा भाग असू शकतो, डॉक्टरांना सांगा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस काहीच नकोसं वाटत असेल किंवा जगण्यावरच मन उठलं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

कामाचं म्हणाल तर उलटायच्या आधीच साहेबांना किंवा मुख्याध्यापकांना कल्पना द्या. मी खालच्या मजल्यावरचा वर्ग मागून घेतला आणि सलग तीन तासांच्या मध्ये एक मोकळा तास. रजा एकदम संपवू नका, थोडी मेडिकल शिल्लक असू द्या.

पुढच्या व्हिजिटला जाताना वही, व्हिडिओ आणि हे प्रश्न घेऊन जा: माझा आजार आत्ता चालू आहे का शांत? औषध कमी करून बघायची वेळ कधी येईल, आणि कमी करताना कुठल्या मापावर लक्ष ठेवू? उलटलं तर तुम्ही नसताना कुणाला फोन करायचा? फिजिओ किती आणि कुठला? पुढचा एनसीव्ही कधी? सोबत घरचं एक माणूस न्या, उत्तरं त्यानं तिथंच लिहून घ्यायची, कारण केबिनमधून बाहेर आल्यावर आपल्याला निम्मं आठवत नाही, आणि प्रिस्क्रिप्शनवरचं औषधाचं नाव वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडं जायच्या आधी डॉक्टरांनाच विचारा.